वयनी, तू मोटार जोडली नव्हतीस

वयनी, तुझ्या दहाव्याला प्रवचनाला आलेल्या महाराजांनी "शांत, सोशिक माउली" असं म्हटलं आणि मला तिथंच हसू फुटलं. तुझ्या लेकीनं, रेखानं, माझ्याकडं असं काही बघितलं की मी उपरण्यात तोंड घातलं. लोकांना वाटलं, दीर रडायलाय. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

शांत आणि सोशिक! एका माणसाची बोटं तू दगडानं ठेचली होतीस. सख्ख्या दिराचं कपाळ पान्यानं फोडलं होतंस. बायकोला मारून वर प्यायला आलेल्या गड्याला कळकाच्या काठीनं ओढ्यापर्यंत हाणत नेलं होतंस. तुझं चांगलं बोलायचं तर ते खरं असायला पाहिजे, नाहीतर तू सरणावरून उठून मारशील. तू कशानं गेलीस ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. मला जे लिहायचं आहे ते कुठल्याच कागदावर आलेलं नाही. ते न येण्यातच माझी सगळी अब्रू होती.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला आयटीआयमध्ये मोटार वाइंडिंग शिकत होतो. सकाळी रेडिओवर कळलं. लोहा, अहमदपूर असं करत, मिळेल त्या ट्रकच्या टपावर बसून मी दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचलो. गाव म्हणजे काय, नुसता ढीग. माळवदाची घरं जागच्या जागी बसली होती. दगडांच्या आणि मातीच्या त्या ढिगात मला आपलं घर ओळखू आलं नाही, तू ओळखू आलीस. रेखाला लुगड्याच्या तुकड्यानं पाठीशी बांधलं होतंस. दादाला आणि तुझ्या पाच वर्षांच्या गणूला तू एकटीनं उकरून बाहेर काढलं होतंस. दोघांना शेजारी शेजारी निजवून वर चादर टाकली होती. तुझ्या बोटांना नखं राहिली नव्हती.

मी धावत आलो तर तू माझ्याकडं बघत नव्हतीस. शेजारच्या ढिगावर एक अनोळखी माणूस वाकला होता. मातीतून बाहेर आलेल्या एका बाईच्या हातातली पाटली तो ओढत होता. तू उठलीस, पाटीएवढा दगड दोन्ही हातांनी उचललास आणि त्याच्या हातावर घातलास. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्याची किंकाळी नंतर आली, आधी हाडांचा आवाज आला.

"मेल्याला तरी सोड की रं भाड्या," एवढंच म्हणालीस. मग माझ्याकडं वळलीस. "आलास का. रडू नको. मामंजी खालीच हायेत. तिकडनं तुळई धर."

आपण दोघांनी मिळून माझ्या बापाला बाहेर काढलं. त्या दिवशी तू रडली नाहीस. मीही रडलो नाही, पण ते तुझ्या भीतीनं. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. मला तेव्हा तसंच वाटलं. आई गेल्यावर तूच मला वाढवलं होतंस, तरीही वाटलं.

मग पत्र्याचे शेड. एका ओळीत पन्नास शेड, दिवसभर तापायचे. काम नाही, शेत कुठं सुरू होतं ते कळेना, आणि गड्यांच्या हाताला दुसरं काही नसल्यासारखी दारू. ती बाहेरून यायची. कोण काय मिसळायचं देव जाणे. आपल्याच ओळीतले दोघं जण एका आठवड्यात आंधळे झाले. त्यातल्या एकाला त्याची बायको हाताला धरून परसाकडं न्यायची, ते तू रोज बघायचीस.

एके दिवशी तू जुन्या गावात गेलीस. आपल्या विहिरीजवळ एक भांडं चुलीवर चढवलंस. निलंग्याकडं तुझ्या माहेरी सणासुदीला घरात दारू गाळायचे, तुला सगळं येत होतं.

"वयनी, हे काय?" मी विचारलं.

"पिणारे पिणारच. निदान डोळे तरी शाबूत राहू दे त्यांचे."

मला ते पटलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आपलं पहिलं भांडण ते, आणि ते कधीच मिटलं नाही. मी म्हणायचो, तू विष नाही देत, पण देतेस ते काय दूध आहे? तू म्हणायचीस, मग तू बंद कर सगळ्यांची तहान, मी चूल विझवते. तुझा एक नियम होता: जो घरी हात उचलेल त्याला थेंब मिळणार नाही. तो नियम तू काठीनं पाळायचीस. पण वयनी, मारणारा माणूस सांगून मारतो का? आणि मार खाल्लेली बाई तुझ्याकडं सांगायला येते का? हे मी तुला एकदाच विचारलं. तू चुलीत लाकूड सारत राहिलीस. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो.

पुढं नवं गाव झालं, सिमेंटची घरं आली, ओळींना नंबर आले. जुनं गाव तसंच पडून राहिलं. तिकडं कोणी जाईना, म्हणून तुझी चूल तिथंच राहिली. मी लातूरला दुकान टाकलं. क्लासेसच्या गल्ल्या तेव्हा नुकत्याच भरायला लागल्या होत्या. जिकडं तिकडं होस्टेलं, मेसचे डबे, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावलेले मोठमोठे बोर्ड. एका होस्टेलात शंभर पोरं आंघोळ करणार म्हटल्यावर बोअरची मोटार जळणारच. मला जेवायला फुरसत नसायची.

रेखा दहावीला तालुक्यात पहिली आली. तुझ्यासारखंच तिचं. एकदा ठरवलं की संपलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तू तिला लातूरला आणलंस, चार मुलींच्या खोलीत ठेवलंस, क्लासमध्ये बसवलंस, आणि तिथून थेट माझ्या दुकानात आलीस. मी एक मोटार उघडून बसलो होतो. तू ओल्या बोटानं फरशीवर गोल काढलेस.

"ही विहीर. हे आपलं पेव. ही भट्टी. पाणी वाहून माझी कंबर गेली. मला दोन मोटारी बसवून दे. एक विहिरीतनं पाणी खेचंल, एक पेवातनं रसायन वर चढवंल. आता एका भांड्यावर भागत न्हाई. मोठं करायचंय."

"न्हाई," मी म्हणालो.

"दत्तू, मी विचारायली न्हाई."

"मी जोडणार न्हाई. रेखाला कळलं तर? तिच्या मैत्रिणींना कळलं तर? तुला लाज न्हाई वाटत, दारू गाळून पोरीला शिकवायली?"

तुझ्या हाताशी बारा-तेराचा पाना होता. तो तू फेकलास. डाव्या भुवईच्या वर लागला. मी खाली बसलो आणि रक्त डोळ्यात आलं. तू उठून पदराचा बोळा माझ्या कपाळावर दाबून धरलास, आणि दाबता दाबता म्हणालीस, "लाज त्या ढिगाखालीच राहिली माझी. तू उद्या येयलास का परवा?"

मी परवा आलो.

ते चार दिवस मी जन्मात विसरणार नाही. पहिल्यांदाच लिहितोय की मला ते आवडले होते. लोह्याहून अर्ध्या हॉर्सपॉवरची जुनी मोनोब्लॉक मोटार आणली, दुसरी माझ्या दुकानातली. विहिरीवर शेतीचं कनेक्शन होतंच. पहिल्या मोटारीनं विहिरीचं पाणी वर यायचं, वाफेची तांब्याची नळी ज्या पिंपात बुडवली होती त्या पिंपात पडायचं आणि गरम होऊन चरातून ओढ्याला जायचं. जे पाणी तू डोक्यावर वाहत होतीस ते आता आपोआप फिरायला लागलं. दुसरी मोटार अवघड होती. आपल्या पडलेल्या घराच्या पेवात, जमिनीखालच्या ज्या खड्ड्यात बाप ज्वारी भरायचा तिथं, तू रसायनाचे ड्रम उतरवले होतेस. अर्धापूरहून काळी पडलेली केळी टेम्पोनं यायची, ती गुळात आंबायची. ते आंबट पाणी लोखंड खातं. पहिल्याच दिवशी मोटार अडकली. उघडली तर पंख्यात केळीचे दोरे गुंडाळलेले. मी जाळी शोधत बसलो तेवढ्यात तू जुन्या लुगड्याचा पदर फाडून नळीच्या खालच्या टोकाच्या फुटव्हॉलला बांधलास. मग मोटारीनं हवा धरली. चालू केली की नुसती गुरगुरायची, पाणी येईना. मी स्टार्टरशी खटपट करत होतो.

"हो बाजूला," म्हणालीस. वरचा नट काढलास, तांब्यानं सावकाश पाणी ओतत गेलीस आणि नळीला कान लावलास. तुझा बाप गावोगाव विहिरींवर इंजिनं चालवायचा, हे मी विसरलोच होतो. "आलं. बटन दाब."

मी बटण दाबलं. नळी सापासारखी फडफडली आणि धार सुटली ती थेट माझ्या तोंडावर. तू हसलीस. भूकंपानंतर तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आपल्या घराच्या ढिगावर बसून, पोट धरून हसत होतीस.

आता झाकणाचं.

तू भट्टीचं झाकण कणकेनं लिंपायचीस. मोटारी बसल्यावर भट्टी मोठ्या ड्रमवर गेली, जाळ वाढला, आणि ती कणीक दोनदा उडाली. वाफ बाहेर, मेहनत वाया. माझ्यातला कारागीर जागा झाला होता. मी म्हणालो, हे मडक्याचं काम झालं, मी तुला पक्कं करून देतो. लोखंडी झाकण कापलं, रबराचं गॅस्केट टाकलं आणि आठ बोल्टांनी आवळलं.

तू त्या बोल्टांवर हात फिरवलास. "कणीक सुटती म्हणून माणूस वाचतंय, दत्तू. आत दम कोंडला तर?"

"कोंडत न्हाई. नळी मोकळी हाय की."

"आन नळी बंद पडली तर? एक भोक ठेव. वर लाकडाची खुट्टी ठोक, लई झालं तर उडून जाईल."

"भोक ठेवलं तर वाफ गळती. मी हाय ना. मी शिकलोय ते."

तू मला मारायला हवं होतंस, वयनी. जगात सगळ्यांना मारलंस, त्या दिवशी मला मारलं नाहीस. माझ्या शिकण्याचा मान ठेवलास.

वर्षभर ते झाकण टिकलं. मग शांताच्या घरचं झालं. शांता म्हणजे आपल्या नव्या गावात तिसऱ्या ओळीत राहणारी, तुझ्याच वयाची, तुझ्याबरोबर रोजगार हमीवर खडी फोडलेली. तिचा नवरा तुझ्याकडून प्यायला आणि घरी जाऊन त्यानं दहा वर्षांच्या मीराला उखळाच्या मुसळानं मारलं. पोरगी वाचली, पण दोन्ही कानांनी बहिरी झाली. त्याचा तू नंतर समाचार घेतलास, त्याचा एक हात मोडलास. पण नंतर. तुझी काठी नेहमीच नंतर पोचायची.

ज्या दिवशी बायका आल्या त्या दिवशी मी तिथंच होतो. पेवावरच्या मोटारीचं सील गळत होतं ते बदलायला आलो होतो. सकाळचे अकरा असतील. पंचवीसएक बायका ओढ्याकडून आल्या. कोणाच्या हातात कुऱ्हाड, कोणाच्या हातात खोरं, शांता सगळ्यात पुढं. घोषणा नाहीत, काही नाही. आल्या आणि फोडायलाच लागल्या. ड्रम आडवे झाले. एकीनं मोटारीची वायर कुऱ्हाडीनं तोडली, ठिणगी उडाली, तिच्या हातातून कुऱ्हाड गळाली. तू कळकाची काठी घेऊन त्यांच्यात घुसलीस. ते भांडण नव्हतं, मारामारी होती, गडी करतात तशी. तुझे केस कोणीतरी उपटले, तू कोणाचं तरी डोकं फोडलंस. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला तर खोऱ्याचा दांडा पाठीत बसला.

मग शांता भट्टीजवळ पोचली आणि तुझ्याकडं तोंड करून ओरडली. सगळं थांबलं.

"तुझी लेक लातूरला शिकायली कलाबाई! माझी लेक बहिरी झाली! सांग, कुठल्या क्लासला घालू तिला?"

तुझी काठी खाली आली. पहिल्यांदाच खाली आली. तू काही बोलणार होतीस. तुझे ओठ हललेले मी पाहिले. पण शांतानं कुऱ्हाड उचलली आणि तांब्याच्या नळीवर घातली. एकदा, दोनदा. नळी तुटली नाही. चेपली. जाळ खाली भडकलेला, नळी चेपून बंद झालेली, आणि वर माझं झाकण, माझे आठ बोल्ट.

गॅस्केटमधून बारीक शिट्टी आली. ती शिट्टी म्हणजे काय ते तिथं दोघांनाच कळत होतं, तुला आणि मला. मी पळालो. विहिरीच्या कठड्यामागं जाऊन पडलो. ओरडलोसुद्धा नाही, वयनी. "पळा" एवढा एक शब्द होता, तोही नाही.

पळता पळता मी एकदा मागं पाहिलं. तू उलटी पळालीस, भट्टीकडं. शांताचा दंड दोन्ही हातांनी धरलास आणि तिला फेकलंस. दळणाचं पोतं फेकावं तशी ती जाऊन चौथऱ्याच्या दगडावर आदळली. मग झाकण उडालं.

शांताचा हात कोपरात मोडला, तो कायमचा वाकडा राहिला. बाकीच्या बायकांना थोडं थोडं पोळलं. तुझा डावा गाल, कान, मान आणि खांदा उकळत्या रसायनानं सोलून निघाला. धूर, वाफ, आरडाओरडा. त्यात कोणी काय पाहिलं? सगळ्यांनी एवढंच पाहिलं की कलाबाईनं शांताला उचलून दगडावर आपटलं. तसंच सगळ्यांनी सांगितलं. शांतानंही तसंच सांगितलं. खोटं ती बोलली नाही. तिला तेवढंच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी साहेब तुझा जबाब घ्यायला सरकारी दवाखान्यात आले. मी खाटेशी उभा होतो. तुझं अर्धं तोंड पट्टीत होतं.

"हे सगळं कुणी जोडून दिलं बाई? मोटारी, स्टार्टर, बोल्टाचं झाकण? हे बाईमाणसाचं काम न्हाई."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"मी जोडलं," तू म्हणालीस. साहेब हसले. तेव्हा तू त्या पट्टीतून, सुजलेल्या ओठांनी, एक एक करून सांगायला लागलीस. "फुटव्हॉल आधी भिजवून बघायचा, वायसर धरतंय का. मग वरचा नट काढून पाणी भरायचं, न्हाईतर हवा धरतंय. गुरगुरली तर लगी बंद करायची, न्हाई तर सील जळतंय. माझा बाप इंजिनवाला व्हता साहेब. मला सगळं येतंय."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हा कोण?"

"ह्यो माझा दीर. ह्याला काय येत न्हाई. साधा फ्यूज बांधायला लावला तर अंधार करतंय."

शिपाई हसला. साहेबांनी वही मिटली. आणि मी, लातूरच्या निम्म्या होस्टेलांच्या मोटारी ज्याच्या हातावर चालत होत्या तो मी, मान खाली घालून उभा राहिलो.

तू आत गेलीस. त्या काळात मी रेखाला रोज डबा नेला. तिला आधी वर्तमानपत्रातून कळलं होतं, मग क्लासमधल्या पोरींकडून. तिनं मला एकच विचारलं, "काका, आईनं त्या बाईला खरंच आपटलं?" मी म्हणालो, "आता त्याचा विचार नको करू, अभ्यास कर." त्या वर्षी तिचे मार्क कमी पडले. डॉक्टर झाली नाही. एम.एस्सी. केलं आणि ज्या गल्लीत शिकली तिथंच केमिस्ट्री शिकवायला लागली. आज तिच्या नावानं पोरं गर्दी करतात. तू सुटून आलीस तेव्हा ती तुझ्याशी बोलली नाही. पुढं बोलायला लागली, पण कसं, तुला माहीत आहे. दरवर्षी दिवाळीला ती मला कपडे घ्यायची, वाकून पाया पडायची, म्हणायची, "काका, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं." तू तेव्हा तिच्या घरी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायचीस, सोललेला गाल भिंतीकडं करून. लहान मुलं भितील म्हणून. ती वाक्यं तुला ऐकू जायची. मी पाया पडून घ्यायचो.

एकदाच विचारलं मी तुला. गावच्या घरी तुझा पंखा दुरुस्त करत होतो. खाली बघायची हिंमत नव्हती म्हणून स्टुलावरूनच विचारलं, "वयनी, माझं नाव का न्हाई घेतलंस?"

"दोघं बी आत गेलो असताव तर रेखाला कोण बघितलं असतं?" तू शेंगा फोडत होतीस, थांबली नाहीस. मला वाटलं, संपलं. मग म्हणालीस, "पळालास ते बरं केलास. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. पण दत्तू, त्या बायांना एक हाळी द्यायची व्हती रं."

मी पंखा बसवला आणि चहा न घेता निघालो. त्यानंतर आपण त्यावर बोललो नाही. मी तुझ्याकडं मिक्सर आणला, टीव्ही आणला, नवीन स्टार्टर आणला. माफी आणली नाही.

तर तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी शांताच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं आणि वाकड्या हातानं बाज दाखवली. मीरा आत मशीनवर ब्लाऊज शिवत होती. आता पंचविशी ओलांडलेली आहे. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. मोटारी, झाकण, आठ बोल्ट, भोक ठेव म्हणालेली तू, शिट्टी, आणि कठड्यामागं लपलेला मी.

शांता बाजेवर टेकली. मग म्हणाली, "भाऊ, मला एकच सांग. ती मला मारायली व्हती का वाचवायली व्हती?"

"तिला कळलं व्हतं ते फुटणार. तरी ती तुझ्याकडं पळाली. मी पाहिलं."

"तू पाहिलास."

"हाव."

"आन एवढी वर्षं मी तिच्या दारावरनं जाताना थुंकलेय." ती आवाज न चढवता म्हणाली. मग एकदम उठली आणि मला वाटलं, आता मारते. मी हललो नाही. ती माझ्या समोर आली, अगदी जवळ. "माझी लेक बहिरी झाली त्याला ती जबाबदार व्हती. ते मी सरणावर बी माफ करणार न्हाई. पण हे येगळं. हे तिच्या लेकीला म्हाईत हाय का?"

"न्हाई."

"मग चल."

"उद्या जाऊ. आज तिचे क्लास..."

"चल म्हणलं की."

तिनं चप्पल घातली, मीराला हातानं खूण केली आणि माझ्या पुढं चालायला लागली. आम्ही एसटीनं लातूरला आलो. क्लास तिसऱ्या मजल्यावर, शांता जिना चढताना दोनदा थांबली, पण मला पुढं जाऊ दिलं नाही. दारावरच्या माणसानं "आत लेक्चर चालू आहे" म्हटलं, तर तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं.

दोनशे पोरं असतील. रेखा फळ्याकडं पाठ करून काहीतरी समजावत होती, साडीला छोटा माइक लावलेला. आम्हाला बघून ती थांबली. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. मग शेजारी शांता दिसली आणि तिचा वाकडा हात दिसला.

"काका? काय झालं?" माइकमधून तिचा आवाज सगळ्या हॉलभर गेला.

"बाई, तुझ्या आईचं एक सांगायचं राहिलंय," शांता म्हणाली. "ह्यो सांगतोय. माइक बंद करू नको. गावात तिचं वंगाळ सगळ्यांनी मोठ्यानं बोललंय."

पोरांच्या वह्या थांबल्या. रेखानं माइककडं हात नेला आणि तसाच खाली घेतला. माझ्या मागं शांता दारात उभी होती, त्यामुळं पळायलाही जागा नव्हती. मी दोन पावलं आत गेलो, वयनी, आणि पोरीच्या तोंडाकडं बघत बोलायला लागलो.

"रेखा, तुझ्या आईनं मोटार जोडली नव्हती. मी जोडली होती."